यमक कसे ओळखावे आणि कसे जुळवावे : नवोदितांसाठी मार्गदर्शन

ज्याने कधी कवितेची एक ओळही लिहिलेली नाही, त्यानेही अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत ‘गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या’ ही आरोळी दिलेली असते. या आरोळीत एका बाजूला ‘मोरया’ हा एकच शब्द आहे, तर दुसऱ्या बाजूला ‘लवकर’मधला शेवटचा ‘र’ आणि त्यापुढचा ‘या’ असे दोन शब्दांचे तुकडे एकत्र येऊन तोच नाद पुरा करतात. शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो याची यमकाला फिकीर नसते. त्याला फक्त उच्चारातून कानावर पडणारा ध्वनी हवा असतो. नव्याने लिहू लागलेल्यांनी ही गोष्ट आरंभीच पक्की करावी, कारण पुढच्या बहुतेक चुका डोळ्यांनी यमक जुळवण्यातून होतात. उखाणा, शाळेच्या कार्यक्रमासाठी चार ओळी, गावातल्या उपक्रमाची घोषणा किंवा पहिलावहिला अभंग, यांपैकी काहीही लिहायचे असले तरी पुढील पायऱ्या उपयोगी पडतील.

यमक म्हणजे नेमके काय

संस्कृत अलंकारशास्त्रात यमकाचा अर्थ काहीसा कडक आहे. तोच अक्षरसमूह पुन्हा यावा, पण दुसऱ्या वेळी त्याचा अर्थ वेगळा असावा, अशी तिथे अपेक्षा असते. ‘समईत सरली वात, अंगणात सुटला वात’ अशी ओळ रचली, तर पहिला ‘वात’ कापसाचा आणि दुसरा वाऱ्याचा, म्हणून ते त्या अर्थाने यमक होईल. मराठीत मात्र आपण हा शब्द अधिक सैलपणे वापरतो. दोन किंवा अधिक चरणांच्या शेवटी, अथवा मध्ये ठरावीक जागी, सारखा ध्वनी आला की आपण त्याला यमक म्हणतो. पंडिती काव्याने, म्हणजे संस्कृत वळणाने लिहिणाऱ्या जुन्या मराठी कवींच्या रचनांनी, या दोन्ही प्रकारांचा मनसोक्त वापर केला. वामन पंडितांना तर ‘यमक्या वामन’ असेच नाव पडले, आणि मोरोपंतांच्या (1729–1794) आर्यांमधील, म्हणजे आर्या वृत्तातल्या रचनांमधील, यमके आजही नमुना म्हणून दाखवली जातात. या लेखात यमक हा शब्द मराठीतल्या रूढ, व्यापक अर्थानेच वापरला आहे.

पहिली पायरी : शेवटाकडून मागे ऐकत या

यमक किती भक्कम आहे हे पाहण्यासाठी ओळीच्या शेवटच्या अक्षरापासून मागे मागे ऐकत जावे. मोरोपंतांच्या ‘केकावली’तील सुपरिचित चरण घ्या :

सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो,
कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो

शेवटचे ‘डो’ चारही ठिकाणी सारखे आहे, आणि त्याच्या आधीच्या घ, प, झ, व या सर्व अक्षरांत स्वर ‘अ’ आहे. म्हणजे कानाला चार वेळा ‘अडो’ ऐकू येते. शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर, एवढे जुळले की यमक पुरेसे भरीव वाटते. नवशिक्याने हेच आपले किमान माप मानावे, असे माझे मत आहे. भोंडल्याच्या ‘ऐलमा पैलमा गणेश देवा, माझा खेळ मांडू दे, करीन तुझी सेवा’ या गाण्यातील देवा–सेवा ही जोडी या मापाला उतरते.

याहून सैल यमकेही असतात आणि लोकगीतांनी ती आनंदाने स्वीकारली आहेत. ‘ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा, पाऊस आला मोठा, पैसा झाला खोटा’ हे गाणे नीट ऐकून पाहा. ‘पावसा’ आणि ‘पैसा’ यांत केवळ शेवटचा ‘सा’ जुळतो. ‘मोठा’ आणि ‘खोटा’ यांत आधीचा ‘ओ’ जुळतो, पण शेवटी एकीकडे ‘ठा’ आणि दुसरीकडे ‘टा’ आहे. हे दोन्ही ध्वनी एकाच जागी उच्चारले जातात आणि गाण्याच्या ठेक्यात त्यांतला फरक जाणवत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोणालाही ते खटकलेले नाही. यातून नियम मोडण्याची सवलत मिळते असे समजू नये. ठेका ठाम असेल आणि ओळ छोटी असेल, तेव्हाच सैल यमक तग धरते.

दुसरी पायरी : लिपीवर विसंबू नका

देवनागरीत सारखे दिसणारे दोन शब्द उच्चारात वेगळे असू शकतात. ‘नाच’ आणि ‘काच’ यांतील ‘च’ दाताजवळ उच्चारला जातो, तर ‘पाच’ या संख्येतील ‘च’ टाळूजवळ. त्यामुळे नाच–काच ही जोडी शुद्ध आहे आणि नाच–पाच ही जोडी कागदावर निर्दोष दिसूनही मोठ्याने म्हणताना थोडी अडखळते. ‘राजा’ आणि ‘दरवाजा’ यांच्याबाबतीतही हेच घडते. उलट ‘देश’ आणि ‘वेष’ यांची शेवटची अक्षरे लिहायला वेगळी असली, तरी आजच्या बोलण्यात श आणि ष यांचा उच्चार बहुतेकांच्या तोंडी एकच झाला असल्यामुळे ती जोडी कानाला चोख वाटते. ‘फळ’ आणि ‘जल’ मात्र जुळवू नयेत. ळ आणि ल यांतला भेद मराठी कान सहसा सोडून देत नाही.

याहून अधिक वेळा चूक होते ती लेखी आणि बोली रूपांच्या सरमिसळीत. ‘तळे’ आणि ‘मळे’ यांचे यमक लेखी भाषेत जुळते. पण आपण बोलताना ‘तळं’ म्हणतो, आणि अनेकवचनी ‘मळे’ मात्र ‘मळे’च राहते. म्हणून जी कविता बोली भाषेत चालली आहे, तिच्यात हे यमक वाचताना मोडते किंवा वाचणाऱ्याला मध्येच एक शब्द पुस्तकी उच्चारावा लागतो. पहिल्या ओळीत ‘झालं’ आणि चौथ्या ओळीत ‘आले’ असे करू नका. संपूर्ण रचनेसाठी कोणती एक रीत पाळायची हे लेखनाला बसण्यापूर्वीच ठरवावे.

बोलीनुसार यमकाची जुळणी बदलते, हेही ध्यानात असू द्यावे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. त्यामुळे प्रमाण मराठीत ज्या शब्दाशी तो जुळणार नाही, त्या ‘माया’शी तिथे सहज जुळतो. आपल्या घरच्या बोलीत लिहिणाऱ्याने तिच्यातली यमके प्रमाण भाषेच्या मापाने तपासून नाकारू नयेत. ती त्या बोलीची स्वतःची संपत्ती आहे.

तिसरी पायरी : यमकाची जागा ठरवा

यमक प्रत्येक ओळीच्या शेवटीच यायला हवे, असा समज शाळेतल्या कवितांमुळे होतो. मराठीच्या जुन्या छंदांनी याबाबत फार सुंदर सोयी केल्या आहेत. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी पाहा : ‘ॐ नमो जी आद्या, वेद प्रतिपाद्या, जय जय स्वसंवेद्या, आत्मरूपा’. पहिले तीन चरण एका यमकाने बांधलेले आहेत आणि चौथा आखूड चरण मोकळा आहे. तीन वेळा वर चढलेला आवाज तिथे उतरतो, आणि म्हणूनच ओवी पुढच्या ओवीकडे न थकता सरकते. नऊ हजारांवर ओव्यांचा ग्रंथ सलग ऐकता येतो, यामागे या मोकळ्या चौथ्या चरणाचाही वाटा आहे असे मला वाटते.

मोठ्या अभंगाची रचना आणखी काटकसरीची असते. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ यात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे आहेत, आणि यमक फक्त दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत आहे. म्हणजे चार चरणांसाठी केवळ दोन जुळणारे शब्द शोधावे लागतात. नवशिक्याला याहून सोयीचा साचा क्वचितच मिळेल. जात्यावरच्या ओव्यांतही बायकांनी दळता दळता यमके साधली आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या असंख्य स्त्रियांनी त्या रचल्या आणि पुढे पोहोचवल्या, यावरून यमक हे कानाने आणि सरावाने येते हे पुरेसे स्पष्ट होते.

यमक ओळीच्या पोटातही ठेवता येते. ‘सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची’ या आरतीच्या चरणात कर्ता, हर्ता, वार्ता हे तिन्ही नाद ओळ संपण्यापूर्वीच येऊन जातात, पुढच्या चरणात ‘नुरवी पुरवी’ येते, आणि ‘विघ्नाची’ व ‘जयाची’ हे यमक चरणांच्या टोकाला उरतेच. समूहाने म्हणायच्या रचनेत असे आतले यमक फार उपकारक ठरते, कारण टाळ्यांचा ठेका त्यावरच पडतो.

आणखी एक रीत म्हणजे यमकानंतर एक शब्द तसाच पुन्हा आणण्याची. ‘चांदोबा चांदोबा भागलास का, निंबोणीच्या झाडामागे लपलास का’ यात शेवटचा ‘का’ दोन्हीकडे न बदलता येतो आणि खरे यमक त्याच्या आधी, ‘भागलास’ व ‘लपलास’ यांत आहे. गझलेत ज्याला काफिया आणि रदीफ म्हणतात, त्याची पहिली ओळख आपल्याला या गाण्यातूनच झालेली असते : बदलणारा काफिया आधी, न बदलणारा रदीफ नंतर. गझल लिहिण्याची इच्छा असलेल्यांनी सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ अवश्य वाचावी, आणि वृत्त-छंदांच्या खोल अभ्यासासाठी माधव ज्युलियन यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाकडे वळावे.

चौथी पायरी : ओळ लिहिण्यापूर्वी शब्द गोळा करा

ओळ पूर्ण करून मग तिच्या टोकाला जुळणारा शब्द शोधत बसणे हा नवशिक्यांचा नेहमीचा मार्ग आहे आणि तो त्रासाचा आहे. त्याऐवजी, ज्या शब्दावाचून आपले सांगणे अपुरे राहील तो शब्द आधी निवडावा, त्याचा शेवट सुटा करावा आणि बाराखडीतील व्यंजने क पासून क्रमाने त्याला लावून पाहावीत. समजा, ‘वाट’ हा शब्द आपल्याला हवाच आहे. ‘आट’ला व्यंजने लावत गेले की खाट, घाट, ताट, थाट, दाट, पाट, भाट, लाट हे शब्द हाती लागतात. मग तीन अक्षरांचे पहाट, कपाट, सपाट घ्यावेत, आणि शेवटी कडकडाट, खळखळाट, लखलखाट यांसारखे लांब शब्द. ही यादी समोर असली की अर्थच आपल्याला वाट दाखवू लागतो : ‘दाट’ आणि ‘घाट’ डोंगराकडे नेतात, ‘ताट’ आणि ‘पाट’ जेवणघरात.

आता एक अभंगचरण बांधून पाहू. उन्हाळ्यातल्या दुपारी झाडाखाली बसलेल्या बाईविषयी लिहायचे आहे, म्हणून ‘माय’ हा शब्द धरला. जोडीला काय, गाय, पाय, साय, न्याय असे शब्द आले. चित्रात सहज बसते ती गाय. पहिला आणि चौथा चरण यमकातून मोकळे असल्यामुळे तिथे हवे ते लिहिता येते :

उन्हाळी दुपार । विसावली गाय ।
सावलीत माय । बाळासंगे ॥

अक्षरे मोजा : सहा, सहा, सहा, चार. मोजताना एक गोष्ट पाळावी लागते. बोलताना आपण ‘गाय’मधला शेवटचा ‘अ’ गिळतो, पण अभंगाच्या मोजणीत ‘गाय’ दोन अक्षरांचाच धरतात, आणि चालीवर म्हणताना तो ‘अ’ पुन्हा ऐकू येतो. ‘साय’ निवडली असती तर यमक तितकेच शुद्ध झाले असते, परंतु दुपारच्या त्या चित्रात दुधावरच्या सायीला काम नव्हते. जुळणारा शब्द आणि लागणारा शब्द यांत निवड करायची वेळ आली, तर लागणारा शब्द ठेवून यमक दुसरीकडे शोधावे.

पाचवी पायरी : प्रत्ययांच्या मोहापासून सांभाळा

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि त्याला -तो, -ते, -ला, -ली, -णार असे ठरावीक शेवट असतात. नामांना -चा, -ला, -ने, -वर लागतात. त्यामुळे ‘येतो’, ‘जातो’, ‘खातो’, ‘गातो’ अशी यमके बसल्या जागी हवी तितकी मिळतात. अशा रचनेत पहिल्या दोन ओळींनंतर कान झोपी जातो. प्रत्यय वर्ज्य करा असे मी म्हणणार नाही. तसे केले तर मराठीत लिहिणेच अवघड होईल. जोडीतील एका बाजूला प्रत्यय असलेला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अखंड शब्द ठेवावा. ‘घरात’ला ‘शेतात’ जोडण्याऐवजी ‘वरात’ जोडून पाहा, ‘गावाला’ला ‘नावाला’ जोडण्याऐवजी ‘हवाला’ जोडून पाहा. समर्थांच्या मनाच्या श्लोकांतील पहिल्या श्लोकात गुणांचा, निर्गुणाचा आणि राघवाचा या तीन षष्ठ्यंत (‘-चा’ प्रत्यय लागलेल्या) शब्दांमध्ये ‘वाचा’ हा पूर्ण शब्द येतो, आणि त्या एका शब्दाने सगळी जुळणी सजीव होते.

वाक्याचा क्रम बदलण्याची मुभा मराठीत भरपूर आहे आणि यमकासाठी तिचा उपयोग जरूर करावा, मात्र क्रम इतकाच बदलावा की ती ओळ कोणी बोलताना उच्चारली तरी विचित्र वाटू नये. ‘छान’, ‘खास’, ‘फार’, ‘सदा’ हे शब्द केवळ जागा भरण्यासाठी ओळीच्या टोकाला येऊन बसले असतील, तर ते निर्धाराने काढून टाकावेत. यमकाची सगळ्यात जास्त बदनामी याच भरतीच्या शब्दांनी केली आहे.

रोजच्या व्यवहारातले उपयोग

उखाणा हा बहुतेकांच्या आयुष्यातला यमकाशी पहिला प्रत्यक्ष संबंध असतो. ‘नाव घेते’ हे शेवटचे शब्द ठरलेले असल्यामुळे येते, देते, नेते एवढ्या शब्दांभोवतीच बहुसंख्य उखाणे फिरतात. थोडा प्रयत्न केला तर नावालाच यमकात गुंफता येते. पतीचे नाव अनंत असेल तर ‘आंब्याला मोहर, दारात वसंत, वडीलधाऱ्यांसमोर सांगते, अनंतराव मला पसंत’ असे म्हणता येईल. यात नाव यमकाच्या साखळीत आपोआप येते आणि पाठांतर विसरण्याची भीतीही कमी होते, कारण एक शब्द दुसऱ्याची आठवण करून देतो.

आठवण करून देण्याच्या या गुणामुळेच म्हणी यमकावर उभ्या आहेत. ‘अति तेथे माती’, ‘आधी पोटोबा मग विठोबा’, ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’, ‘असतील शिते तर जमतील भुते’ यांतील शब्द आपण कधी चुकवत नाही, कारण चुकवले तर नाद मोडतो. शेतकऱ्याचे ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ हे वचनही याच रीतीने टिकले. नक्षत्र आणि पीक यांचा संबंध लिहून ठेवण्याची गरज पडली नाही. घोषणा रचणाऱ्याने म्हणींचा हा बांधा अभ्यासावा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ किंवा ‘वाट पाहीन पण एसटीनेच जाईन’ या घोषणा प्रत्ययांच्या यमकावर चालतात आणि तरीही चांगल्या आहेत, कारण घोषणेत प्रत्येक क्रियापद हे करायचे काम असते. जुळणाऱ्या दोन क्रियापदांनी दोन कामे लक्षात राहतात. कवितेत जे स्वस्त वाटते, ते इथे नेमके ठरते.

साध्या बोलण्यातही यमकाचे अंश विखुरलेले आहेत : शेजारीपाजारी, उरलासुरला, अवतीभवती, अघळपघळ. ‘चहाबिहा’, ‘पाणीबिणी’ यांत पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ घालून आपण ‘आणि तत्सम इतर’ असा अर्थ साधतो. मराठी नव्याने शिकणाऱ्यांनी ही जोडरूपे अवश्य आत्मसात करावीत, मात्र ‘बि’ची रूपे अर्जात किंवा औपचारिक पत्रात वापरू नयेत.

यमक कुठे नको

शोकसंदेश, तक्रार अर्ज, औषधाच्या सूचना अशा लेखनात यमक चुकून आले तरी ओळ बदलावी. तिथे त्याने गांभीर्य जाते. कवितेतही ते अनिवार्य नाही. एकनाथ पांडुरंग रेंदाळकर (1887–1920) यांनी निर्यमक रचनेचा आग्रहाने पुरस्कार केला, आणि पुढे कवी अनिल यांनी मुक्तछंद, म्हणजे ठरावीक छंदाच्या मापातून मोकळी रचना, रुजवला. ज्यांना यमक जमत नव्हते म्हणून त्यांनी ते सोडले, असे यांपैकी कोणाबाबतही म्हणता येणार नाही. म्हणून नवशिक्याने यमक सोडण्याचा निर्णय ते हाताशी आल्यानंतर घ्यावा.

रचना पूर्ण झाली की ती अजिबात न पाहिलेल्या एखाद्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावी आणि यमकाचा दुसरा शब्द येण्यापूर्वी थांबावे. तुम्ही घोषणा किंवा बालगीत लिहिले असेल, तर समोरच्याने तो शब्द आपणहून पुरा करायला हवा. तो अडला तर शब्द बदला. कविता लिहिली असेल, तर त्याला तो आधी सुचता कामा नये, मात्र तुम्ही उच्चारल्यावर दुसरा कोणताही शब्द तिथे चालला नसता असे त्याला वाटायला हवे. तसे वाटले नाही, तर पुन्हा यादीकडे जा आणि बाराखडी पहिल्यापासून लावून पाहा.